दोन मिलिमीटर

“म्हणजे बाबांची झडप जरा सुधारली, असंच ना?”

इकोच्या खोलीबाहेर दोन रिपोर्ट हातात धरून उभ्या असलेल्या मुलाचा हा प्रश्न. पहिल्या रिपोर्टात महाधमनीच्या झडपेचं क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंटिमीटर होतं आणि खाली ‘सिव्हिअर’, म्हणजे गंभीर, असा शेरा. तीन आठवड्यांनी दुसरीकडे केलेल्या टूडी इकोत तेच क्षेत्रफळ १.१ आणि शेरा ‘मॉडरेट’, म्हणजे मध्यम. बाबा सत्तरीचे, अंगाने किरकोळ, बाकावर बसून मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. मुलाने आकड्यांखाली बॉलपेनने रेघा मारल्या होत्या. घरी या दोन आकड्यांवर बरीच चर्चा झालेली असणार, आणि कुणीतरी देवापुढे साखरही ठेवली असणार. उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. वयामुळे चुना साचून कडक झालेली झडप तीन आठवड्यांत मोकळी होत नाही, आणि तिला मोकळं करणारी गोळी अजून निघालेली नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून थांबलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग या दोघांत चुकलं कोण? कुणी बेफिकिरीने केलेलं काम नव्हतं ते. दोन्ही रिपोर्ट मन लावून केलेले दिसत होते. हे समजावून सांगायला ओपीडीतली पाच मिनिटं पुरत नाहीत, आणि अर्धवट सांगितलं तर माणसाचा मोजमापावरचाच विश्वास उडतो. म्हणून तो प्रश्न मनात घर करून राहिला.

झडपेला कुणी पट्टी लावत नाही. ती धडधडत्या हृदयात असते, प्रत्येक ठोक्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उघडते आणि मिटते. निरोगी असेल तर तिचं तोंड तीन-चार चौरस सेंटिमीटर उघडतं. चुना साचला की पडद्यावर तिच्या जागी पांढरा चकाकता ढीग दिसतो, त्याची कड कुठे संपली आणि भोक कुठे सुरू झालं ते डोळ्याला नेमकं कळत नाही. म्हणून भोकाचा नाद सोडून त्यातून जाणारं रक्त मोजायचं. ज्याने रात्री बॅटरी घेऊन शेतात दारं धरली आहेत, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. रुंद पाटातून संथ येणारं पाणी अरुंद तोंडाशी आलं की धाव घेतं. मागून येतं तेवढंच पुढे जायचं असतं, म्हणून जागा कमी पडली की वेग वाढतो. पाट किती रुंद आहे, पाटात पाणी किती वेगाने येतंय आणि तोंडाशी किती वेगाने सुटतंय, एवढं कळलं की तोंड केवढं आहे ते घरबसल्या काढता येतं. हृदयातला पाट म्हणजे झडपेच्या लगेच खालचा, डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर पडणारा बोळ. रिपोर्टात त्याचं नाव एलव्हीओटी. आणि प्रवाहासाठी असतो व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त तिथून किती सेंटिमीटर पुढे सरकलं ते अंतर.

पहिल्या रिपोर्टात बोळाचा व्यास २.० सेंटिमीटर होता, बोळातला व्हीटीआय २० आणि झडपेतला ७०. व्यास २.० म्हणजे क्षेत्रफळ ३.१४. त्याला २० ने गुणा, ७० ने भागा, ०.९ येतात. दुसऱ्या रिपोर्टात व्हीटीआय २१ आणि ७३ होते, म्हणजे जवळजवळ तेच. व्यास मात्र २.२ धरलेला. त्याचं क्षेत्रफळ ३.८. हिशेब करा, १.०९ येतात, रिपोर्टात ते १.१ झाले.

फरक होता दोन मिलिमीटरचा.

व्यासाचा वर्ग होतो, त्यातच सगळी मेख आहे. दोन सेंटिमीटरच्या बोळात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे म्हणजे व्यासात दहा टक्के, पण क्षेत्रफळात वीस टक्क्यांच्या आसपास. तोच व्यास कुणी १.८ घेतला असता तर बाबांची झडप ०.७३ ची झाली असती आणि घरात रडारड झाली असती. बाकीचे आकडे वर्गाशिवाय येतात, त्यांच्यातली चूक जेवढ्यास तेवढी राहते. ही एकच चूक दुपटीने वाढते. म्हणून इको करणाऱ्याचा हात खरा कळतो तो या एका रेघेवरून. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला प्रोब ठेवून हृदयाचा उभा लांब छेद घ्यायचा, खोली कमी करायची, बोळ आणि झडप एवढंच पडद्यावर मोठं करायचं. चित्र पुढे-मागे सरकवून ठोक्याच्या मधला, झडप जास्तीत जास्त उघडलेली असतानाचा क्षण पकडायचा. मग दोन खालच्या कप्प्यांमधल्या स्नायूच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या मायट्रल झडपेच्या (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दाराच्या) पापुद्र्याच्या आतल्या कडेपर्यंत, झडपेला समांतर अशी रेघ. चकाकणाऱ्या पांढऱ्या कडेच्या बाहेर गेलात तर व्यास वाढला. चुन्याचा एखादा सुळका बोळात उतरलेला असेल आणि त्याच्या टोकाला रेघ टेकवलीत, तर व्यास घटला. छेद बोळाच्या मधोमध न जाता कडेने गेला तरी व्यास घटतो, कारण वर्तुळाची मधली रेघ सोडून दुसरी कुठलीही रेघ तोकडीच पडते. म्हणून तीन ते पाच स्वच्छ चित्रांवर मोजलं आणि त्यातली दोन-तीन जरा मोठी आली, तर बहुधा मोठीच खऱ्याच्या जवळ असते. वयस्कर माणसांत बोळाच्या वरच्या भिंतीला फुगवटा येतो. तिथे झडपेपासून सेंटिमीटरभर खाली उतरून मोजलं तर फुगवट्याचीच रुंदी हाती लागते, झडपेच्या कड्याशी मोजणं बरं. आणि एवढं सगळं सांभाळूनही एक गोष्ट उरतेच: हा बोळ गोल नसतो. सीटी स्कॅनमध्ये तो लंबगोल दिसतो, आणि इको नेमकी त्याची आखूड बाजू मोजतं. आपण गोल धरून गणित करतो, त्यामुळे इकोचं क्षेत्रफळ मुळातच थोडं कंजूष असतं.

व्यासाचं हे असं. वेगाची गोष्ट निराळी, तिथे चूक एकाच दिशेने होते. खोलीत अंधार, फक्त मशीनचा उजेड. पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, छातीवर गार जेल. “श्वास सोडा... आता तसाच धरा.” रक्ताचा वेग मोजणारा डॉपलर सुरू केला की खोलीत आवाज घुमू लागतो. निरोगी झडपेचा आवाज मऊ असतो, फडक्याने पाटी पुसल्यासारखा. अरुंद झडपेचा फवारा चिरत येतो, कुकरच्या शिट्टीआधीच्या वाफेसारखा. सरावलेला हात डोळ्यांआधी कानाने फवारा शोधतो, कारण प्रोब फवाऱ्याच्या बरोब्बर रेषेत आला की सूर चढतो आणि स्वच्छ होतो. रेषा चुकली की वेग कमीच दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. फवाऱ्याचा खरा वेग सेकंदाला ४ मीटर असेल आणि प्रोब २० अंशांनी तिरका असेल, तर मशीन ३.७६ दाखवतं. ३० अंशांनी तिरका असेल तर ३.४६. आणि झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे रिपोर्टातला ‘ग्रेडियंट’, वेगाच्या वर्गावर चालतो: वेगाचा वर्ग करा, चारने गुणा, झाले मिलिमीटर पारा. वेग ४ असेल तर ६४. ३.४६ असेल तर ४८ च्या खाली. ‘सिव्हिअर’ची एक सीमा सेकंदाला ४ मीटर ही आहे, दुसरी सरासरी ४० मिलिमीटर ग्रेडियंटची आणि तिसरी १ चौरस सेंटिमीटरची. तिरक्या हाताने माणूस पहिल्या दोन्ही सीमांच्या अलीकडे राहतो आणि घरी जातो.

म्हणून एका खिडकीतून मोजून भागत नाही. हृदयाच्या टोकाकडून मोजायचं, गळ्याच्या खोबणीतून मोजायचं, आणि मग पेशंटला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या हाडाच्या उजवीकडून मोजायचं. चित्र न दाखवणारा, पेन्सिलीएवढ्या डोक्याचा ‘पेडॉफ’ प्रोब असतो तो यासाठीच. बरगड्यांच्या फटीत तो नीट बसतो. सगळ्यांत वरचा वेग अनेकदा त्या उजव्या बाजूलाच सापडतो. बाहेर तीस माणसं बसलेली असतात तेव्हा पेशंटला पुन्हा वळवायचा कंटाळा येतो, जेल पुसून दुसरा प्रोब लावायचा कंटाळा येतो, हे समजण्यासारखं आहे. पण कुणाला ऑपरेशन लागणार आणि कुणाला नाही, हे त्या वळवण्यावर ठरत असेल तर तिथे घाई करू नये, एवढं मनापासून वाटतं. फवाऱ्याच्या चित्राची गडद कड मोजायची, तिच्यावर उगवलेले धुरकट केस मोजायचे नाहीत. ठोके अनियमित असतील तर निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यायची, आणि चुकलेल्या ठोक्यानंतर येणारा जोरदार ठोका वगळायचा. एक घोटाळा तर चांगल्या हातांकडूनही होतो. शेजारची मायट्रल झडप गळत असेल तर तिचाही फवारा त्याच दिशेने धावतो, आणि त्याचा वेग त्याहून मोठा असतो. ओळखायचा तो लांबीवरून. गळतीचा फवारा लवकर सुरू होतो आणि उशिरा संपतो, महाधमनीचा तेवढा लांब नसतो. शिवाय रक्तदाब! मोजताना बीपी १८० असेल तर हृदयाला दोन अडथळे ओलांडावे लागतात, आणि झडपेवरचा ग्रेडियंट खरा आहे त्याहून कमी भरू शकतो. बीपी उतरवून पुन्हा मोजावं. आणि ज्या रिपोर्टावर त्या वेळचं बीपी लिहिलेलं नाही, तो अर्धाच समजावा.

वेगाच्या वर्गाला गुणणारा तो चार कुठून आला, हे एकदा करून बघण्यासारखं आहे. रक्ताची घनता एका घनमीटरला १०६० किलो, तिची निम्मी ५३०, आणि एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. भागाकार केला की चारला किंचित कमी. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचं पाण्याचं गणित, ते छातीत जसंच्या तसं चालतं. डॉपलरच्या आधी हेच गणित रक्तवाहिनीतून हृदयात नळी घालून होत असे. बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड गोर्लिन आणि त्यांचे वडील, जे पाण्याच्या कामाचे इंजिनिअर होते, या बापलेकांनी १९५१ मध्ये झडपेच्या क्षेत्रफळाचं सूत्र छापलं. त्यातला ४४.३ हा आकडा म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीचं वर्गमूळ. धरणाच्या दारातून पाणी किती सुटेल, त्याच हिशेबातला. पुढे १९७० च्या दशकात नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला लिव हॅटले या डॉक्टर आणि बियोर्न आंगेल्सेन हे इंजिनिअर यांनी नळीशिवाय, बाहेरूनच, डॉपलरने हा दाब मोजून दाखवला. ‘पेडॉफ’ हे नावही तिथल्याच यंत्राचं. डॉक्टर आणि पाण्याची किंवा तरंगांची भाषा जाणणारा इंजिनिअर, अशी जोडी दोन्ही वेळा जमली.

नळीचा हिशेब अचूक आणि इकोचा अंदाजे, असा एक समज आहे. तो खरा नाही. नळी घातली तरी मिनिटाला किती रक्त जातं ते काढावंच लागतं, आणि तिथे पेशंट किती प्राणवायू वापरतो हे न मोजता शरीराच्या आकारमानावरून गृहीत धरलं की चूक आत शिरते. शिवाय दोन्ही ठिकाणचा ‘पीक’ निराळा. इको एकाच क्षणी दोन बाजूंतला सर्वांत मोठा फरक सांगतं. नळीने सहसा कप्प्याच्या शिखरातून महाधमनीचं शिखर वजा करतात, आणि ही दोन शिखरं एकाच क्षणी येत नाहीत. म्हणून इकोत ६४ आणि नळीत ५० अशी तफावत आली की नातेवाईक घाबरतात. ताडून बघायचंच तर सरासरी ग्रेडियंट ताडावा.

झडपेचं मोजमाप सुरू झालं ते कानाने. मनगटावर बोटं ठेवून नाडी हळू, दबत दबत चढते का ते बघायचं. स्टेथोस्कोपने खरखर केवढी मोठी आहे यापेक्षा ती ठोक्यात किती उशिरा टिपेला जाते ते ऐकायचं, आणि ‘लब-डब’मधला दुसरा आवाज विरला आहे का तिकडे कान द्यायचा. हृदय थकलं की खरखर लहान होते. मोठ्या आवाजाची झडप कधी कधी साधी निघते, आणि जिचा आवाज जेमतेम कानावर येतो ती जीवघेणी असते. मायट्रल झडपेचा कान आणखी सुंदर. तिथे दुसऱ्या आवाजानंतर झडप उघडल्याची एक टिचकी ऐकू येते. टिचकी जितकी लवकर, तितकी झडप अरुंद, कारण वरच्या कप्प्यात दाब तुंबलेला असतो आणि तो दार लवकर ढकलतो. हे ऐकू यायला शांत खोली लागते, आणि आपल्या ओपीडीत तेवढी शांतता मिळत नाही.

मायट्रलचं नाव निघालं की गोष्ट म्हाताऱ्यांची राहत नाही. आपल्याकडे ही झडप अरुंद होते ती सांध्यांच्या तापाने. लहानपणी घसा धरतो, पंधरा-वीस दिवसांनी ताप येतो, गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात, बरं वाटतं, सगळे विसरतात. झडप विसरत नाही. १९६३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की पाश्चात्त्य पुस्तकांत मध्यमवयात येणारा हा आजार भारतात विशीच्या आतल्या मुलामुलींना गाठतो. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं दुखणारं इंजेक्शन घ्यायला एसटीने तालुक्याला येणारी मुलं अजूनही दिसतात. आणि दिसतात सातव्या महिन्यात पहिल्यांदा धाप लागून आलेल्या मुली. घरात सगळ्यांना वाटतं, पोटुशी आहे, दमणारच. इको केलं की मायट्रल अरुंद.

अशा मुलीचा पहिला रिपोर्ट बघावा. नाडी ११०, सरासरी ग्रेडियंट १६. दहाच्या वर म्हणजे जास्त, सोळा म्हणजे भीती वाटावी असा. नाडी मंदावणारं बीटा-ब्लॉकर सुरू होतं, विश्रांती मिळते, आठवड्याने नाडी ७२ वर येते आणि ग्रेडियंट ८. झडप मोकळी झाली का? मुळीच नाही. मायट्रलमधून रक्त उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. नाडी ७२ असताना मिनिटात ढोबळमानाने ३६ सेकंद दार उघडं असतं, ११० ला २६ च्या आसपास. तेवढंच रक्त कमी वेळात उतरवायचं तर वेग वाढणार, आणि दाब वेगाच्या वर्गाने. जवळजवळ दुप्पट. नळाला पाणी एक तासाऐवजी अर्धा तास आलं की चाळीत जी रेटारेटी होते, तशीच. म्हणून मायट्रलच्या ग्रेडियंटशेजारी नाडी लिहिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

मायट्रलचं भोक मात्र डोळ्याने बघता येतं, हे मोठं सुख. आडव्या छेदात ती झडप माशाच्या तोंडासारखी उघडते, आणि तिच्या आतल्या कडेने रेघ फिरवून क्षेत्रफळ थेट मोजता येतं. अट एवढीच, की छेद नेमका पाकळ्यांच्या टोकांशी हवा. झडप फनेलसारखी असते, वर रुंद आणि टोकाला अरुंद. प्रोब जरा वर झुकला की फनेलचं पोट मोजलं जातं आणि १.१ ची झडप १.६ ची वाटते. म्हणून वरच्या कप्प्याकडून हळूहळू खाली उतरत यायचं, सर्वांत लहान तोंड दिसेल तिथे थांबायचं, आणि चित्राचा उजेड कमी ठेवायचा. उजेड जास्त झाला की कडा फुगतात आणि भोक लहान होतं. निरोगी झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर, १.५ किंवा त्याखाली गेली की गंभीर. दुसरी रीत हॅटले यांनीच रूढ केलेली: दाब निम्मा व्हायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजायचं आणि २२० ला त्याने भागायचं. २२० लागले तर १ चौरस सेंटिमीटर, ११० लागले तर २. सोपी, हाताशी असणारी, आणि झडप फाकवायला फुगा टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस हमखास फसवणारी. कारण त्या भागाकारात वरचा आणि खालचा कप्पा आपापल्या जागी स्थिरावले आहेत असं धरलेलं असतं. फुग्याने झडप अचानक फाकते, वरच्या कप्प्याचा दाब धाडकन उतरतो आणि सगळा ताळेबंद बदलतो. महाधमनीची झडप जोरात गळत असेल तरीही हा आकडा फसवतो, तो झडपेला आहे त्यापेक्षा मोठी दाखवतो. अशा वेळी डोळ्याने फिरवलेल्या रेघेवरच भरवसा ठेवावा, आणि दोन पाकळ्यांची चिकटलेली टोकं फाटली का, एका बाजूची की दोन्ही, ते बघून लिहावं.

पुन्हा महाधमनीकडे येताना एक जात राहून जाते, ती सर्वांत अवघड. हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं, झडपेचं क्षेत्रफळ ०.८, पण सरासरी ग्रेडियंट जेमतेम २६. क्षेत्रफळ म्हणतं गंभीर, ग्रेडियंट म्हणतो मध्यम. इथे दोन शक्यता असतात. झडप खरोखर अरुंद आहे आणि तिच्याशी झुंजून हृदय थकलं. किंवा हृदय वेगळ्याच कारणाने दुबळं झालं आहे आणि बेताच्या कडक झडपेला पुरतं ढकलायची ताकद त्याच्यात नाही. जड दार लहान मुलाने ढकललं तर अर्धंच उघडतं, तसं. ओळखायचं कसं, तर हृदयाला थोडा वेळ जोर देऊन. डोब्युटामिनचं ड्रिप वजनाच्या दर किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करायचं, काही मिनिटांनी थोडं थोडं वाढवत २० पर्यंत न्यायचं, त्यापुढे नाही. प्रत्येक टप्प्याला बोळातला आणि झडपेतला वेग मोजायचा. नाडी फार वाढली, ठोके चुकायला लागले, छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं. जोर आल्यावर ग्रेडियंट २६ चा ४२ झाला आणि क्षेत्रफळ ०.८ लाच राहिलं तर झडप खरी गुन्हेगार. क्षेत्रफळ वाढून १.२ झालं आणि ग्रेडियंट फारसा हलला नाही तर ती नाही. आणि काही हृदयं जोर दिला तरी ठोक्यामागे वीस टक्केसुद्धा जास्त रक्त ढकलत नाहीत. मग प्रवाहाचा नाद सोडून चुना मोजायचा. रंगद्रव्य न देता केलेल्या सीटीमध्ये झडपेतल्या चुन्याचा आकडा येतो: पुरुषांत २००० च्या वर, बायकांत १२०० च्या वर, तर झडप गंभीर असण्याची शक्यता दाट. बायकांचा आकडा कमी, कारण त्यांच्या झडपा कमी चुन्यावरही तेवढ्याच आखडतात. हा फरक लक्षात न ठेवता बाईच्या रिपोर्टला पुरुषाचा आकडा लावला की तिचं दुखणं ‘मध्यम’ ठरतं.

बाकावरच्या बाबांचं पंपिंग चांगलं होतं, साठ टक्के. दोन्ही रिपोर्टांत वरचा वेग ३.९, सरासरी ग्रेडियंट ३८ आणि ३९. सीमेच्या काठावर उभा असलेला माणूस. त्यांची उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५१ किलो, म्हणजे शरीराचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर. लहान चणीच्या माणसाला रक्त कमी लागतं, म्हणून झडपही त्या मानाने बघावी. ०.९ ला दीडने भागलं की ०.६, तिथेही नेमकी सीमा. १.१ ला भागलं की ०.७३, ‘मॉडरेट’च्या बाजूला. ज्या दोन मिलिमीटरमुळे हे होतं, ते बाजूला काढायची एक साधी युक्ती आहे. व्यास वापरायचाच नाही. फक्त बोळातला व्हीटीआय भागिले झडपेतला व्हीटीआय. पहिल्या रिपोर्टात २० भागिले ७०, दुसऱ्यात २१ भागिले ७३. दोन्हींचं उत्तर ०.२९. ०.२५ च्या खाली गेलं की गंभीर म्हणतात, हे त्याच्या जरा वर.

मुलाच्या मोबाइलवरच ते दोन भागाकार झाले. दोनदा तोच आकडा आला तेव्हा तो क्षणभर पडद्याकडे बघत राहिला. “म्हणजे काहीच बदललं नाही,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती हे खरं, पण थोडा सुटल्यासारखाही तो वाटला. आपण ज्या आकड्यावर आनंद मानला तो कुणी फसवून दिलेला नव्हता, एवढं तरी कळलं होतं.

त्रास काय होतो, असं बाबांना विचारलं. “काही नाही. जिने चढतो, बाजारात जातो.” शेजारी बसलेल्या आई तोवर गप्प होत्या. “हे आता गच्चीवर येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी पापडांची पाटी हेच वर न्यायचे. आता मला म्हणतात, तू ने, मी पेपर वाचतो.” बाबा काही बोलले नाहीत. पिशवीचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला.

चुन्याचा सीटी करायचं ठरलं. तो येईपर्यंत ट्रेडमिल नको, कारण त्रास नाही हे बाबांचं म्हणणं आता खरं धरता येत नव्हतं, आणि त्रास असलेल्या गंभीर झडपेच्या माणसाला पट्ट्यावर पळवत नाहीत. निघताना मुलाने फाइलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: ‘एलव्हीओटी २.० की २.२ – सीटीत बघायला सांगणे. पुढच्या इकोला तोच धरणे. बीपी लिहायला सांगणे.’ मग खाली रेघ मारून त्याने दोन्ही तारखांपुढे ०.२९ आणि ०.२९ लिहिलं, बाबांच्या हाताला धरून त्यांना उठवलं आणि लिफ्टकडे नेलं.